‘स्कूबा केलं आहे का?’ : कोकण किनाऱ्यावरच्या एका सागरी पुरातत्त्व शिबिराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका किनारी गावात बारा दिवसांचं सागरी पुरातत्त्वाचं शिबिर झालं, त्याची ही हकीकत. गावाचं, माणसांचं आणि आयोजक संस्थेचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मी त्या शिबिराची समन्वयक होते. पुढे ज्या निर्णयांबद्दल लिहिलं आहे त्यातले बरेचसे माझे होते, चुकलेलेही.

आपल्याकडे पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलांना जमिनीवरचं उत्खनन बघायला मिळतं. हिवाळा आला की कुठे ना कुठे खड्डा लागलेला असतो, तिथे महिनाभर राहून मुलं खापरं धुतात, थर ओळखायला शिकतात. पाण्याखालच्या कामाचं तसं नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झालं. पुढे द्वारका, बेट द्वारका आणि गोव्याजवळची सुंची रीफ यांवरचे अहवाल आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ मध्ये पाण्याखालच्या पुरातत्त्वाची वेगळी शाखा काढली. पण एम.ए. करणाऱ्या मुलाला ‘मलाही हे करायचंय, कुठे जाऊ?’ असं विचारावंसं वाटलं तर दाखवायला दारं फार थोडी आहेत. तेवढ्यासाठी हे शिबिर होतं.

जागा निवडायला कारण लागलंच नाही. मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात उभा राहिलेला सिंधुदुर्ग, उत्तरेला विजयदुर्ग, त्याच्याजवळ गिर्ये इथली आंग्रेकालीन गोदी. या किनाऱ्यावर जहाजं बांधली गेली, नांगरली गेली, बुडालीही. शिवाय गावातल्या एका तांडेलांनी, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांनी, आम्हाला वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं की किनाऱ्यापासून थोडं आत, सहा-सात मीटर पाण्यात, त्यांचं जाळं ‘चौकोनी दगडांना’ अडकतं. ओळीने असलेल्या चौकोनी दगडांना.

आमच्याकडे परवानगी होती ती पाहणीची, उत्खननाची नव्हे. मोजायचं, फोटो काढायचे, रेखाटायचं. तळावरची एकही वस्तू हलवायची नाही, वर आणायची तर नाहीच.

अकरा जण निवडले: आठ विद्यार्थी आणि तीन संशोधक. संशोधकांत एक भूशास्त्रज्ञ, एक वास्तुविशारद आणि एक जण कोकणातल्या बंदरांच्या इतिहासावर पीएच.डी. करणारा. अर्जात एक प्रश्न होता, ‘स्कूबा केलं आहे का?’ अकरापैकी नऊ जणांनी ‘हो’ लिहिलं होतं. त्या भरवशावर आम्ही दोन बोटी, नऊ जणांची साधनं आणि दोन प्रशिक्षक ठरवले. रोज दोन बुड्या, चौकोनी दगडांचा नकाशा, शेवटच्या दिवशी सादरीकरण असा आराखडा होता.

अडचण

पहिल्या दिवशी संध्याकाळी प्रशिक्षकाने सगळ्यांची प्रमाणपत्रं आणि बुड्यांच्या नोंदवह्या मागितल्या. चार जणांनी काढून दिल्या. बाकी पाच जण एकमेकांकडे बघत राहिले.

त्या पाचांनी खोटं लिहिलं नव्हतं. मालवण-तारकर्लीला सुट्टीत आलेला प्रत्येक जण ‘स्कूबा’ करून जातो. हवेचा सिलिंडर पाठीला लावून मिळतो, प्रशिक्षक मागून धरून ठेवतो, वीस-पंचवीस मिनिटं मासे बघायचे, व्हिडिओ घ्यायचा, वर यायचं. किनाऱ्यावरच्या भाषेत त्याला स्कूबाच म्हणतात आणि मुलांनी त्याच भाषेत उत्तर दिलं होतं. प्रश्न आम्ही ढिला विचारला होता. ज्याला आम्ही स्कूबा म्हणत होतो त्यात माणसाला आपलं तरंगणं आपण सांभाळावं लागतं, जोडीदाराची हवा बघावी लागते, सिलिंडरमध्ये पन्नास बार (हवेच्या दाबाचं माप) उरले की हातातलं काम टाकून वर यावं लागतं. आणि हे सगळं आपोआप होत असेल तरच हातात टेप आणि पेन्सिल धरता येते. तरंगणं न साधलेला माणूस समुद्रतळावर काम करायला गेला तर त्याच्या पायाच्या पंखांनी गाळ उडतो, शेजारच्याला काही दिसत नाही आणि त्याच्याखाली काही नाजूक असेल तर ते तुटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका आडोशाच्या खाडीत पोहण्याची चाचणी घेतली. दोनशे मीटर कुठल्याही पद्धतीने पोहायचं आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. सोबत होडी ठेवली होती. अकरापैकी सात जणांना ते जमलं. दोघांनी दीडशेच्या आसपास होडीची कड धरली. दोघं पाण्यात उतरून कंबरेएवढ्या पाण्यातच उभे राहिले, त्यातला एक, नागपूरहून आलेला विद्यार्थी, मला हळूच म्हणाला, “मॅडम, समुद्र मी काल पहिल्यांदा पाहिला.” त्याचा अर्ज मी वाचला होता. प्राचीन भारतातल्या जहाजांच्या चित्रांवर त्याने लिहिलेलं टिपण सगळ्या अर्जांत उत्तम होतं.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी परिस्थिती अशी होती: नऊ जणांच्या बुड्यांसाठी आखलेलं शिबिर आणि बुडी मारू शकणारे चौघं.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी घराच्या पडवीत आम्ही चार जण बसलो. दोन प्रशिक्षक, भूशास्त्रज्ञ आणि मी. जे पर्याय पुढे आले ते असे.

उरलेल्यांपैकी ज्यांना पोहता येतं त्यांना चार दिवसांत प्राथमिक प्रमाणपत्राचं प्रशिक्षण द्यावं, हा पहिला. दिसायला सोयीचा. पण चार दिवसांत प्रमाणपत्र मिळतं ते पाण्याखाली सुरक्षित राहण्याचं. सातव्या दिवशी त्याच माणसाच्या हातात टेप देऊन प्रवाहात काम करायला लावणं म्हणजे त्याच्यावर एकदम दोन ओझी टाकणं. वरिष्ठ प्रशिक्षक इथे ठाम होता. “शिकवीन, पण मग ते फक्त शिकतील. काम करणार नाहीत,” असं त्याने स्पष्ट सांगितलं. हा पर्याय गळला.

शिबिर गुंडाळून पैसे परत करावेत, हा दुसरा. तो कोणालाच नको होता. मुलांनी रजा, परीक्षा, तिकिटं सगळं जुळवून आणलं होतं.

सगळ्यांनी तोंडाला नळी लावून वरच्यावर पोहत उथळ भागात काम करावं, हा तिसरा. त्याचा थोडा भाग आम्ही नंतर वापरलाही, पण सहा मीटर खालचे दगड वरून मोजता येत नाहीत.

चौथा पर्याय भूशास्त्रज्ञाने मांडला. गट दोन करा. चौघं पाण्याखाली जातील. सात जण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर तेच तंत्र वापरून तेच काम करतील आणि गावातल्या लोकांकडून जागांची माहिती गोळा करतील. आधाररेषा (जिच्यावरून बाकीची मापं घ्यायची ती सरळ ताणलेली रेघ) टाकणं, तिच्यापासून काटकोनात माप घेणं, तीन ठरलेल्या बिंदूंपासूनचं अंतर मोजून चौथा बिंदू बसवणं, ओल्या प्लास्टिकच्या फिल्मवर पेन्सिलने रेखाटणं, हे सगळं घोटाभर पाण्यातही तसंच होतं.

मला हा पर्याय पटला, पण एक भीती होती. सात जणांना वाटेल की आपल्याला दुय्यम काम दिलं. ती भीती खरी ठरली. रात्री जेवताना मी हे सांगितलं तेव्हा वास्तुविशारद बाई सरळ म्हणाल्या, “मग पैसे सगळ्यांनी सारखे का भरले?” प्रश्न रास्त होता. बुड्यांसाठी घेतलेल्या रकमेतला अर्धा भाग सात जणांना परत करायचा, असं आम्ही त्याच रात्री ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी केलंही. हे आधी सुचायला हवं होतं. कोणी विचारल्यावर पैसे परत देण्यात आणि आपण होऊन देण्यात फरक असतो, तो मला दोन-तीन दिवस मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

काय केलं

शिबिर माघ शुद्ध दशमीला सुरू झालं होतं. ही तिथी मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे.

शिबिराच्या तारखा आम्ही महाविद्यालयांच्या वेळापत्रकावरून ठरवल्या होत्या. भरती-ओहोटीकडे कोणी बघितलं नव्हतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत-उतरत नाही, प्रवाह सौम्य असतो, गाळ खाली बसतो. पाण्याखाली काम करायचं तर ते दिवस सोन्यासारखे. पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण. आमच्या भागात उधाणाला पाणी दोन मीटरांहून थोडं जास्त वरखाली होतं, प्रवाह ओढतो, तळ ढवळला जातो. आमचे पहिले तीन दिवस, म्हणजे पाणी नितळ असतानाचे दिवस, ओळख, व्याख्यानं आणि साधनांची वाटणी यांत गेले. चौघं पाण्याखाली गेले ते चौथ्या दिवसापासून, उधाण चढू लागल्यावर.

चौथ्या आणि पाचव्या दिवसाच्या बुड्या ठीक झाल्या. चौघांनी दोन-दोनच्या जोड्यांनी दगडांच्या ओळीवर वीस मीटरची आधाररेषा टाकली. सहाव्या दिवशी, पौर्णिमेला, उत्तरेकडून वारा सुटला. तांडेल सकाळी किनाऱ्यावर उभे होते. आमच्या बोटीत सिलिंडर चढताना बघून म्हणाले, “वारो सुटलोहा, पाणी गढूळ झालाहा. तुमका काय दिसूचा नाय.” आम्ही त्या दिवशी गेलो नाही.

सातव्या दिवशी गेलो, आणि हा निर्णय माझा. आमचा लेखी नियम होता: दोन मीटरपर्यंत दिसत नसेल तर बुडी नाही. प्रशिक्षक आधी एकटा उतरून बघून आला आणि म्हणाला, “दीड-दोन असेल.” दीड म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. चौघं तयार होऊन बसले होते, एक दिवस आधीच वाया गेला होता, वेळापत्रक माझ्या डोक्यात टिकटिक करत होतं. मी ‘जा’ म्हटलं. प्रशिक्षकाला मी विचारायला हवं होतं की दीड की दोन, एक आकडा सांग.

कोणाला इजा झाली नाही. पण मापं बिघडली. तीन बिंदूंवरून चौथा बसवताना तिन्ही अंतरं कागदावर एका जागी मिळायला हवीत. थोडा फरक राहतो, तिथे एक छोटा त्रिकोण उरतो. तो त्रिकोण किती मोठा, त्यावरून काम किती अचूक ते कळतं. त्या दिवशीच्या एका बिंदूचा त्रिकोण अडतीस सेंटीमीटरचा निघाला. प्रवाहात टेपला पोट आलं होतं आणि दुसऱ्या टोकाला धरलेला जोडीदार दिसत नव्हता, त्यामुळे ते पोट कोणाच्या लक्षात आलं नाही.

याच उधाणाने खडपावरच्या गटाला मात्र भरभरून दिलं. द्वितीया-तृतीयेला आमच्याकडे सकाळची ओहोटी साडेसहा ते सव्वासातच्या सुमाराला येते, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा उजाडत असतं. एरवी कधी उघडी न पडणारी खडपं त्या दोन दिवसांत तासाभरासाठी बाहेर येतात. सात जण साडेपाचला बॅटऱ्या घेऊन निघायचे. पहिल्या दिवशी दोघं चपला घालून आले आणि कालवांच्या शिंपल्यांनी दोघांचे तळवे कापले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पायात बूट होते.

आठव्या दिवशी कालवं फोडायला आलेल्या एका आजींनी मुलांना टेप लावून बसलेलं पाहिलं आणि काय मोजताय म्हणून विचारलं. नागपूरच्या मुलाने दगडी नांगराचं चित्र दाखवलं. आजींनी कोयता तिकडेच ठेवला आणि त्यांना खडपाच्या दक्षिण टोकाला नेलं. “ह्यो भोकाचो धोंडो माझ्या आज्याच्या येळेपासून हयसरच आसा.”

अर्धा वाळूत रुतलेला, शेवाळलेला लांबट दगड. वरच्या टोकाकडे निमुळता, तिथे आरपार गोल भोक. भोकाची वरची कड दोराने घासून गुळगुळीत झालेली. बोट फिरवलं तर बशीच्या काठासारखी लागत होती. दुसऱ्या, जाड टोकाजवळ एक चौकोनी भोक अर्धं वाळूत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेल्या दगडी नांगरांच्या एका प्रकाराला अभ्यासक इंडो-अरेबियन म्हणतात: वर दोरासाठी गोल भोक, खाली लाकडी दांडे घालण्यासाठी दोन चौकोनी भोकं, एकमेकांशी काटकोनात. इथे दुसरं चौकोनी भोक असेल तर ते वाळूत गेलेल्या बाजूला असणार होतं. मुलांना वाळू उकरायची होती. उकरली नाही, परवानगीत ते बसत नव्हतं.

त्यांनी केलं ते हे. तीन जोड्यांनी तोच दगड स्वतंत्रपणे मोजला, एकमेकांचे कागद न बघता. लांबी एक मीटर बेचाळीस. तिन्ही जोड्यांच्या मापांत सगळ्यात मोठा फरक दोन सेंटीमीटरचा आला. नवव्या दिवशी पुन्हा जाऊन फोटो घेतले, शेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून. भूशास्त्रज्ञाने दगड बघितला: काळा, बारीक कणांचा, तर गावात बांधकामाला सगळीकडे जांभा. मग मुलं तीन मच्छीमार घरांत जाऊन बसली. त्यांतल्या दोन घरी सांगितलं की तो धोंडा पूर्वी खाडीच्या तोंडाशी होता, होडी बांधायला इकडे ओढून आणला. म्हणजे दगड नांगर असला तरी तो आत्ता आहे तिथे बुडालेला नाही, त्यावरून खडपाजवळ जहाज थांबत होतं असं म्हणता येत नाही, आणि नुसत्या आकारावरून त्याचा काळही सांगता येत नाही. हे सगळं सात जणांनी आपल्या टिपणात लिहिलं. ज्यांना दुय्यम काम मिळाल्यासारखं वाटत होतं त्यांच्याकडे शिबिरातली सगळ्यात भक्कम नोंद तयार झाली होती.

खिशातलं खापर

आता सातव्या दिवसाकडे परत येते.

त्या संध्याकाळी साधनं धुताना एका विद्यार्थ्याने जॅकेटच्या खिशातून चिनी मातीचा एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. तळहाताच्या निम्म्याएवढा, पांढऱ्यावर निळं नक्षीकाम. “गाळात जाऊन हरवला असता, म्हणून घेतला,” तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. आपण काय केलं ते बोटीत चढतानाच त्याच्या लक्षात आलं होतं, पण तिथे सगळ्यांसमोर सांगायचं धाडस झालं नव्हतं.

त्याला का मोह झाला ते मला समजतं. आदल्या आठवड्यात मीच व्याख्यानात सुंची रीफवरच्या बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाबद्दल सांगितलं होतं: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी पोर्सेलीन. पडद्यावर निळी-पांढरी खापरं दाखवली होती. तसाच तुकडा पाण्यात समोर दिसला. मी वस्तू दाखवल्या; त्या कशा नोंदवल्या, प्रत्येक वस्तूची जागा आधी कशी टिपली, ते दाखवायला तेवढा वेळ दिला नाही.

तुकड्याचं काय करायचं हे त्याच रात्री ठरवावं लागणार होतं. परत नेऊन टाकावा, असं एक मत होतं. पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या २००१ च्या करारातही वस्तू जागच्या जागी जपणं हा पहिला विचार करावा असं म्हटलं आहे. पण ‘जागच्या जागी’ला अर्थ तेव्हाच, जेव्हा जागा माहीत असते. त्याला आठवत होतं ते एवढंच: आधाररेषेच्या बाराव्या-तेराव्या मीटरजवळ, जमिनीच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. अंदाजाने परत टाकलं असतं तर पुढे कोणी शोधायला आलं तर त्याची दिशाभूल झाली असती.

वाळवून ठेवावा, हे तर करायचंच नव्हतं. समुद्रात राहिलेल्या खापरात मीठ मुरलेलं असतं. ते वाळलं की मिठाचे स्फटिक फुगतात आणि वरचा काचेसारखा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आम्ही तुकडा समुद्राच्याच पाण्यात झाकणाच्या डब्यात ठेवला आणि पुढच्या दिवसांत पाणी बदलत थोडं थोडं गोडं करत नेलं. त्या विद्यार्थ्याकडून त्याच रात्री लिहून घेतलं: कुठे, किती खोलीवर, किती वाजता, काय दिसत होतं, काय आठवत नाही. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता. स्मरण ताजं असताना ते कागदावर येणं जास्त निकडीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरातत्त्व खात्याला लेखी कळवलं, परवानगीचा भंग झाल्याचं त्यात स्वच्छ लिहून. हे पत्र लिहायला मला जड गेलं. पण ते न लिहिता पुढे शिबिर चालवणं त्याहून जड गेलं असतं.

एक गोष्ट मात्र करायची राहिली. रात्रीच सगळ्या अकरा जणांना एकत्र बसवून हे सांगायला हवं होतं. त्या मुलाला अवघडल्यासारखं होईल म्हणून मी थांबले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिबिरभर ‘खजिना सापडला’ अशी कुजबुज पसरली. शेवटी त्यानेच उठून सगळ्यांना सांगितलं.

भिंगाखाली तुकडा बघितल्यावर नक्षीत बारीक ठिपके दिसले. हाताने ब्रशने रंगवलेल्या नक्षीत असे ठिपके नसतात. छापून उतरवलेल्या नक्षीत असतात, आणि तशी भांडी युरोपातल्या कारखान्यांतून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर येत होती. म्हणजे बहुधा आपल्या पणजीच्या फडताळात असायची तशी बशी. ती बुडालेल्या गलबतातली होती, की कोणी काठावरून टाकलेली, हे सांगणारी एकच गोष्ट होती, तिची जागा, आणि ती आम्ही गमावली होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. तुकडा त्यात बसतो की नाही हे ठरवणं आमचं काम नव्हतं.

शेवटची बुडी

दहाव्या दिवशी वारा पडला. पाणी निवळू लागलं. चौघांना अर्थातच शेवटच्या दिवसापर्यंत बुड्या मारायच्या होत्या, आणि बाराव्या दिवशी सकाळी परतीची गाडी होती: घाट चढून कोल्हापूर, पुढे पुणे.

इथे घाटाचा विचार करावा लागतो. बुडी मारल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत उंचीवर गेलं तर हवेचा दाब कमी झाल्यामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाबाबत हे बहुतेक पाणबुड्यांना माहीत असतं. अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबा, असा सर्वमान्य सल्ला आहे. पण घाटावरची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि संध्याकाळी मालवणहून निघालेली गाडी दोन-तीन तासांत तिथे पोहोचते. कोकणात बुडी मारून त्याच रात्री घाट चढणारे कितीतरी जण असतील. आम्ही ठरवलं की शेवटची बुडी अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत संपेल, म्हणजे निघेपर्यंत एकवीस तासांच्या वर होतील. चौघांनी दुपारची आणखी एक मागितली. दिली नाही. या वेळी नियमाचा आकडा मी वाकवला नाही.

त्या सकाळी पाच मीटरपर्यंत दिसत होतं. बिघडलेला बिंदू पुन्हा मोजला. त्रिकोण सहा सेंटीमीटरवर आला. बाराव्या-तेराव्या मीटरजवळ दोन्ही बाजूंना शोधलं. दुसरं खापर दिसलं नाही. आणि चौकोनी दगडांचे पहिले नीट फोटो मिळाले.

निष्पत्ती

फोटो बघून भूशास्त्रज्ञाने सांगितलं की दगडांची ओळ नैसर्गिक आहे. खडकातल्या भेगा दोन दिशांनी, जवळजवळ काटकोनात गेल्या की तो विटांसारखा चौकोनी फुटतो. दगडांमधल्या भेगा खालच्या खडकात तशाच पुढे गेलेल्या फोटोत स्पष्ट दिसत होत्या. माणसाने रचलेल्या भिंतीत तसं होत नाही. मुलांचे चेहरे उतरले. मला स्वतःला हा निकाल मोलाचा वाटतो. पुढे कोणी तिथे भिंत आहे असं म्हणू लागलं तर मापांसह उत्तर तयार आहे.

तांडेलांना मी फोटो नेऊन दाखवले. ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं की हे देवाने केलेलं असेल तर खालच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी, लोखंडाचं काहीतरी लागतं ते कोणी केलं? त्या जागेची दोन खुणांवरची रेघ, देवळाचा कळस आणि टेकडीवरचा माड, त्यांनी माझ्या वहीत काढून दिली.

आजींच्या धोंड्याची नोंद खात्याकडे पाठवली. तो आहे तिथेच आहे, आणि त्याला अजूनही होडी बांधतात. चिनी मातीचा तुकडा अहवालासोबत खात्याच्या सूचनेनुसार जमा केला. त्याच्या चिठ्ठीवर जागेच्या रकान्यात ‘अंदाजे’ असं लिहिलेलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी अर्ज. पुढच्या शिबिराच्या अर्जात ‘स्कूबा केलं आहे का?’ हा प्रश्न नाही. त्याऐवजी प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं, एकूण बुड्या किती, शेवटची कधी आणि किती खोल, न थांबता किती मीटर पोहता, असे प्रश्न आहेत. पोहता येत नसेल तरी अर्ज करा, असंही त्यात लिहिलं आहे, आणि त्या गटाचं शुल्क सुरुवातीपासून वेगळं आहे. नागपूरच्या मुलासारखा विद्यार्थी पोहता येत नाही म्हणून घरी राहिला असता तर त्या धोंड्यापर्यंत आम्ही पोहोचलो नसतो. आजींशी बोलायला तोच पुढे झाला होता.

तारखा आता पंचांग समोर ठेवून ठरवतो. बुड्या अष्टमीच्या आसपास, खडपावरचं काम पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत. व्याख्यानं दुपारी, पाणी कसंही असलं तरी चालतील अशा वेळी. महाविद्यालयांना हे समजावायला दोन महिने लागले.

पाण्याखालच्या गटानेही आधी खडपावर दोन दिवस मोजमाप करायचं, आणि त्यांचा त्रिकोण पाच सेंटीमीटरच्या आत आल्याशिवाय टेप घेऊन खाली जायचं नाही. हे मी सुरुवातीलाच ठेवायला हवं होतं. चौघांच्या प्रमाणपत्रांकडे बघून मी गृहीत धरलं की त्यांना मोजताही येत असेल.

आणि ‘दिसलं तर काय करायचं’ याचा सराव आता कोरड्यावर होतो. वाळूत एक फुटकी बशी पुरून ठेवायची, मुलाने ती बघायची, हात मागे घ्यायचे, जोडीदाराला खूण करायची, शेजारी नंबरची पट्टी रोवायची, फोटो, दोन मापं, आणि पुढे जायचं. पहिल्या सरावात बहुतेकांचा हात बशीकडे जातोच. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो थांबतो. खिशातून खापर काढणारा तो विद्यार्थी गेल्या वेळी हा सराव घ्यायला आला होता. वाळूत बशी पुरायचं काम त्याने मागून घेतलं.